तिघांना सांगितलेली तीन लक्षणे

हा एका रुग्णाचा वृत्तांत नाही. मूळव्याधीच्या ऑपरेशननंतर क्वचित होणारा जीवघेणा जंतुसंसर्ग ज्या वाटेने जातो, त्या वाटेवर हा घटनाक्रम रचला आहे. रुग्ण वाचत नाही.

सोमवार, सकाळी ९.३०. वय ५२, मधुमेह. कमरेत भूल देऊन चाळीस मिनिटांत ऑपरेशन पूर्ण.

रात्री ९.००. लघवी तुंबली. नळी घातली. भुलीनंतर असे अनेकांना होते.

मंगळवार, सकाळी ११.००. नळी काढली, लघवी झाली. डिस्चार्ज. कागदावर इसबगोल, वेदनाशामक गोळ्या, कोमट पाण्याच्या टबात बसणे. ताप आल्यास काय करायचे, ते लिहिलेले नाही.

रात्री ८.००. थंडी वाजून १०१ ताप. मेडिकलवाल्याने पॅरासिटामॉल दिली. दहापर्यंत ताप ९९ वर आला. घरचे निर्धास्त झाले. उतरला होता तो फक्त थर्मामीटरवरचा आकडा.

बुधवार, पहाटे ३.००. बसवेना, पडवेना. नात्यातल्या डॉक्टरांना फोन. "मूळव्याधीचं ऑपरेशन आहे, दुखणारच." खरेच दुखते. पण ही वेदना गोळीला दाद देत नव्हती आणि तासागणिक वाढत होती. तापाचे या फोनवर कोणी बोलले नाही.

सकाळी १०.००. रात्रीपासून लघवी नाही. बायको म्हणाली, "पाणीच कुठे प्यायलात?" दोन तांबे पाणी प्यायला लावले.

दुपारी ४.००. अंडकोषाकडे सूज, त्वचेवर काळसर डाग. त्यांनी तो कोणालाही दाखवला नाही. या जागेच्या दुखण्यात लाजेपायी असे तास जातात, आणि हे तास फार महाग पडतात.

रात्री ९.३०. कपडे बदलताना बायकोला डाग दिसला. तो तळहाताएवढा झाला होता. दुर्गंधी येत होती. बोटाने दाबले की त्वचेखाली चुरचुरत होते.

रात्री १०.१५. कॅज्युअल्टी. नाडी १३२, रक्तदाब ८०/५०. ताप, वाढती वेदना, लघवी बंद: तिन्ही गोष्टी एकाच कागदावर पहिल्यांदा इथे आल्या. हे त्रिकूट म्हणजे ओटीपोटाच्या तळाशी संसर्ग पसरत असल्याचा इशारा. पॅरिसचे डॉक्टर फूर्निए यांनी १८८३ मध्ये वर्णन केलेला गँगरीन तो हाच.

रात्री ११.५०. शिरेतून अँटिबायोटिक सुरू. मेलेली कातडी आणि मांस कापून काढले. कडा मात्र काळ्याच निघत राहिल्या.

गुरुवार, दुपारी २.००. पुन्हा ऑपरेशन. मूत्रपिंडे थांबली. व्हेंटिलेटर.

शुक्रवार, पहाटे ४.१०. मृत्यू. कारण: जंतुसंसर्गाने अनेक अवयव निकामी.