बेथेलची उपकारस्तुती

जालन्याहून औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या दिशेने निघाले म्हणजे सुमारे वीस किलोमीटरांवर बदनापूर लागते. मनमाड-हैदराबाद लोहमार्ग १९०० साली सुरू झाला, त्यावरचे हे एक लहानसे स्थानक. या गावाचे नाव शेतकऱ्यांच्या तोंडी आहे ते तुरीमुळे. येथील कृषी संशोधन केंद्रातून निघालेल्या तुरीच्या वाणांना 'बीडीएन' ही आद्याक्षरे लावतात व ती बदनापूरचीच होत. डिसेंबर महिन्यात या काळ्या भुईच्या टापूत तुरीच्या शेंगा भरलेल्या असतात, कापसाची वेचणी चालू असते आणि रब्बीची ज्वारी निसवू लागते. कुणब्याच्या घरात वर्षातून एकदाच ज्या दिवसांत हात थोडा सैल होतो, ते हे दिवस. याच दिवसांच्या अखेरीस नाताळ येतो.

हा योग वरवर साधा दिसतो. परंतु मराठवाड्यातील ख्रिस्ती मंडळ्यांनी नाताळाला जे रूप दिले, त्याचा उलगडा बऱ्याच अंशी या योगातच सापडतो. सामान्य समज असा की, नाताळ हा साहेबाचा सण व तो साहेबाच्या पाद्र्याने आपल्या बोटीतून येथे आणला. इतिहास पाहिला तर ही समजूत टिकत नाही. किंबहुना ती बरोबर उलटी ठरते.

'नाताळ' हा शब्दच पाहावा. तो इंग्रजी नव्हे. पोर्तुगीज आहे, आणि त्याचे मूळ जन्म या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. गोवा, साष्टी आणि १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे असलेली वसई, या किनाऱ्यावरून तो मराठीत आला. त्याच किनाऱ्यावर फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने ख्रिस्तजन्माची कथा मराठी ओवीत गुंफली. १५७९ साली गोव्यात उतरलेल्या या परक्या माणसाने मराठी भाषेची जी स्तुती केली, तिच्या तोडीची स्तुती करणारे एतद्देशीयही थोडेच निघाले. त्याचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली राचोल येथे छापले गेले. पण हे सारे घाटाखाली. घाटावर, दक्षिणेच्या पठारावर, जे धर्मोपदेशक आले ते अगदी निराळ्या परंपरेचे होते.

अहमदनगरास १८३१ साली ठाणे मांडणारे अमेरिकन मराठी मिशन हे बोस्टनकडील प्युरिटन परंपरेचे. ज्या मॅसॅच्युसेट्स प्रांतातून ते आले, तेथे १६५९ साली नाताळ पाळणाऱ्यास दंड करण्याचा कायदा झाला होता व तो १६८१ पर्यंत अमलात होता. तेथे नाताळाची सरकारी सुटी १८५६ साली मिळाली. म्हणजे नगरचे ठाणे पाव शतकाचे झाल्यावर! मुंबई व जालना येथे काम करणारे स्कॉटलंडचे पाद्री प्रेस्बिटेरियन पंथाचे. त्यांच्या देशातील पार्लमेंटने १६४० साली नाताळची सुटीच रद्द केली, आणि स्कॉटलंडात नाताळ सार्वजनिक सुटीचा दिवस झाला तो १९५८ साली. शास्त्रात ज्या सणाची आज्ञा नाही तो पाळू नये, प्रत्येक रविवार हाच प्रभूचा दिवस, असा या मंडळींचा कडक बाणा होता. सणावारांनी गजबजलेल्या मुलखात असे बिनसणाचे उपदेशक यावेत, यात थोडी गंमत आहेच.

मात्र एक दिवस या दोन्ही परंपरांना मान्य होता. पीक घरात आले, संकट टळले, म्हणजे सर्व मंडळीने एकत्र जमून देवाचे आभार मानण्याचा दिवस. मराठी ख्रिस्ती मंडळी त्याला 'उपकारस्तुती' म्हणतात. शब्द किती नेमका आहे! पठारावरील ख्रिस्ती माणसाला सणाचे नाव मिळाले किनाऱ्याकडून, उपकारस्तुती मिळाली परदेशी उपदेशकांकडून, आणि वेळ नेमून दिली इथल्या भुईने.

या उपकारस्तुतीस जालना भागात विशेष अर्थ का आला, हे समजण्यासाठी रेव्हरंड नारायण शेषाद्री यांचे चरित्र पाहिले पाहिजे. नारायणराव दक्षिणी ब्राह्मण कुळातले. मुंबईच्या स्कॉटिश मिशनच्या विद्यालयात शिकत असता १८४३ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत अवघा बारा वर्षांच्या आसपासचा. तोही रॉबर्ट नेस्बिट या पाद्रीसाहेबांच्या घरी राहावयास गेला. वडिलांनी न्यायालयात धाव घेतली आणि मुंबईच्या सुप्रीम कोर्टाने मुलाला पित्याच्या स्वाधीन केले. पुढे खरा प्रश्न उभा राहिला. पाद्र्याच्या घरी अन्नोदक घेतलेल्या मुलास प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावयाचे की नाही? 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर परत घेण्याच्या बाजूने धैर्याने उभे राहिले, त्यापायी त्यांनी स्वजनांचा रोष ओढवून घेतला, आणि मुंबईतील हिंदू समाजात मोठी दुफळी माजली. वादाचे वर्णन पुष्कळांनी केले आहे; पण एका आईबापाची दोन मुले एका वर्षात कायमची दोन वाटांना लागली, या गोष्टीकडे वाद घालणाऱ्यांचे फारसे लक्ष गेले नाही.

१८५४ साली नारायणरावांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. मुंबईत मानाने राहता आले असते. परंतु १८६० नंतरच्या दशकात ते निझामाच्या राज्यातील जालन्यास गेले व तेथेच त्यांनी आपले आयुष्य घातले. त्यांचा उपदेश ज्यांनी मुख्यत्वे ऐकला ते गावकुसाबाहेरचे लोक, त्यांतही विशेषेकरून मांग समाजातले. हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून जालन्याजवळ जमीन मिळवून नारायणरावांनी तेथे या लोकांचे एक गाव वसविले. मुसलमान दिवाणाने ब्राह्मण कुळातील ख्रिस्ती पाळकास मांगांच्या वस्तीसाठी जमीन द्यावी, ही घटना आपल्या शालेय इतिहासात कोठेच येत नाही. यावयास हवी होती.

गावाचे नाव ठेवले बेथेल, म्हणजे देवाचे घर. हे नाव बायबलातील 'उत्पत्ती' ग्रंथातले आहे. भावापासून दुरावलेला, घर सोडून निघालेला याकोब रानात दगड उशाशी घेऊन निजतो, स्वप्नात त्याला देवाचे दर्शन होते आणि सकाळी तो त्या जागेला हे नाव देतो. आपल्याला जे मिळेल त्याचा दशांश देवाला देईन असा नवसही करतो. नाव निवडताना नारायणरावांच्या मनात श्रीपत होता असे म्हणण्यास आधार नाही. पण ती कथा मंडळीस वाचून दाखविताना तो आठवला नसेल, असे मानणेही कठीण आहे.

आता खळ्याकडे वळू. जुन्या गावगाड्यात मांग-महारांचा सुगीशी संबंध होता तो बलुत्यापुरता. पीक दुसऱ्याचे, खळे दुसऱ्याचे. वर्षभराच्या राबणुकीबद्दल मिळेल तो वाटा पदरात घेऊन निघावयाचे. तो हक्क होता खरा, परंतु तो पदर पसरून घ्यावयाचा हक्क होता. अशा माणसाने देवापुढे ठेवावे काय? 'अनुवाद' ग्रंथात सांगितले आहे की, शेतकऱ्याने प्रथमफळांची टोपली देवापुढे ठेवावी आणि त्या वेळी आपले पूर्वज मिसर देशात दास होते हे स्वमुखाने सांगावे. बेथेलसारख्या वस्तीत ज्याच्या हाताखाली स्वतःची भुई आली, त्याला हा विधी कोणी समजावून सांगण्याची जरुरी नव्हती. मराठी मंडळ्यांत उपकारस्तुतीला ज्वारीची कणसे, तूर, भोपळे, अंडी, कोंबडीसुद्धा देवळात आणण्याची व मागाहून त्यांचा लिलाव करण्याची चाल आहे. पाहणाऱ्याला तो बाजार वाटतो. आणणाऱ्याला मात्र तो घेणाऱ्याचा देणारा झाल्याचा दिवस असतो.

येथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो व तो टाळून चालावयाचे नाही. या लोकांनी जमिनीसाठी, अन्नासाठी धर्म बदलला, मग त्यांची कृतज्ञता देवाविषयी की पाद्र्याविषयी? आक्षेपात तथ्यांश आहे. १८९९-१९०० च्या छप्पनच्या दुष्काळात मिशनच्या आश्रयास आलेल्या पुष्कळांच्या पोटात आधी अन्न गेले व मग उपदेश कानी पडला. पण भुकेल्याने अन्न देणाऱ्याचे म्हणणे ऐकावे यात नवल कसले? नवल वाटावयाचे असेल तर ते न देणाऱ्यांचे वाटावे. नारायणराव स्वतः १८७३ साली न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेत डोक्यावर पागोटे ठेवून उभे राहिले होते. साहेबाचा धर्म आणि साहेबाची टोपी या दोन गोष्टी ते एक मानीत नव्हते. १८९१ साली ते वारले.

उपकार देवाचे की मिशनचे, या प्रश्नाने ज्यांना खरोखर अस्वस्थ केले ते मात्र रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले आणि अहमदनगर भागात त्यांनी कृष्णराव सांगळे यांच्यासारख्या पूर्वसूरींनी रुजविलेले ख्रिस्ती कीर्तन व भजन घरोघर पोहोचविले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते सांगत. नाताळात वीणा-मृदंगाच्या साथीने जन्माचे कीर्तन होते, ते या परंपरेचे देणे. पगार घेऊन केलेली सेवा ही कृतज्ञता कशी, ही टोचणी त्यांना सुटेना. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली व सातारा येथे 'देवाचा दरबार' उभारला. दोन वर्षांनी, १९१९ साली, त्यांचे देहावसान झाले.

ख्रिस्तचरित्रावरील त्यांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरेच राहिले; सुरुवातीचे दहा-अकरा अध्याय काय ते झाले होते. ते पुरे करण्याचे काम लक्ष्मीबाईंनी अंगावर घेतले. पतीच्या धर्मांतराच्या वार्तेने ज्या कोलमडून गेल्या, ज्या काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या आणि १९०० साली स्वतः विचार करून ख्रिस्ती झाल्या, त्याच या लक्ष्मीबाई. शाळेचा उंबरठा न ओलांडलेल्या या बाईने उरलेल्या अध्यायांपैकी बहुतेक सारे आपल्या साध्या, घरगुती मराठीत रचले. १९३६ साली त्या निवर्तल्या आणि ग्रंथ छापून निघाला तो १९३८ साली.