धरण रिकामं कोण ठेवणार?

गाव कोणतं विचारलं की मी मोहोळ सांगतो, आणि पुण्यातल्या ऑफिसात पहिला प्रश्न ठरलेला: "म्हणजे मधमाश्यांचं?" (हो, तेच. हसून घ्या.) दुसरा प्रश्नही ठरलेला: "तिकडे पाऊस नसतोच ना?" सप्टेंबर २०२५ पर्यंत याला "नसतो" एवढं उत्तर चालून जायचं. त्या महिन्यात सीनेला असा पूर आला की लांबोटीजवळ पुणे-सोलापूर महामार्ग बंद ठेवावा लागला. नदीकाठच्या गावांत घरांतून पाणी शिरलं, उभा ऊस आडवा झाला, आणि कित्येक ठिकाणी पिकाबरोबर जमीनही खरडून गेली. माझ्या आत्याचं रान त्यातच. ती फोनवर म्हणाली, "बाळा, बहात्तरला पाणी नाही म्हणून रडलो, आता पाणी आलं म्हणून रडायचं. रडायचं काही चुकलं नाही बघ."

त्याच आठवड्यात टीममधल्या एकाने अगदी प्रामाणिकपणे विचारलं, "अरे, पण तुमच्याकडे एवढं मोठं उजनी आहे ना? मग पूर कसा येतो?" प्रश्न साधा वाटतो, पण त्याचं उत्तर द्यायचं तर दीडशे वर्षं मागे जावं लागतं. आज शनिवार आहे, वेळ आहे. चला.

आष्टीचा तलाव

आमच्या तालुक्यात आष्टी नावाचं गाव आहे आणि तिथे एक जुना तलाव. शाळेच्या सहली, संध्याकाळचं फिरणं, थंडीतले पक्षी, सगळं तिथे. बांधावर उभं राहिलं की पाणी डोळ्यांत मावत नाही. तो नैसर्गिक आहे असं समजणारे बरेच भेटतात. तसा तो नाही. १८७६ ते ७८ च्या मोठ्या दुष्काळात उपाशी माणसांना काम द्यायचं म्हणून इंग्रज सरकारने जी कामं काढली, त्यांतलं हे एक. बांधाची लांबी १२,७०९ फूट, म्हणजे पावणेचार किलोमीटरच्या वर, आणि उंची ५८ फूट. यंत्रं नाहीत. फावडी, पाट्या आणि माणसं. न्यूयॉर्कमध्ये १९०४ साली बर बॅसेल यांचं मातीच्या धरणांवरचं पुस्तक निघालं, त्यात जगभरच्या बांधांबरोबर आमच्या आष्टीचाही समावेश आहे. गावात हे कुणाला सांगितलं तर "असंल बाबा" म्हणतात.

त्या काळच्या मजुरीबद्दल मात्र वाचवत नाही. सर रिचर्ड टेंपल यांनी १८७७ च्या सुरुवातीला दुष्काळी कामांवरची मजुरी कापून दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडी चिल्लर एवढ्यावर आणली. मुंबई इलाख्यात ठिकठिकाणी मजुरांनी त्याविरुद्ध काम बंद केलं आणि पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूने सरकारशी भांडली. उपाशी माणसांनी संप करायचा म्हणजे काय, याचा एसीत बसून विचार करून बघा.

पण माझा मुद्दा वेगळा आहे. आष्टीचा तलाव पाणी *साठवायला* बांधला. त्याआधी सोलापूरजवळचा एकरुखचा तलाव झाला, तोही त्याचसाठी. रेल्वे १८६० मध्ये सोलापूरला पोचली होती, धान्य बाहेरून आणता येत होतं. पाणी आणता येत नव्हतं. आमच्या भागाची पाण्याबद्दलची सगळी बुद्धी तेव्हापासून एकाच दिशेने चालते: दिसेल तो थेंब अडवा.

उजनी, आणि उणे टक्के

मग उजनी. ७ मार्च १९६६ ला यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते भूमिपूजन, १९८० मध्ये धरण पूर्ण, आणि जलाशयाला नाव यशवंतसागर. धरण माढा तालुक्यात, पण डावा कालवा आमच्या तालुक्यातही येतो. एकूण साठा ११७ टीएमसी. तुलनेसाठी सांगतो, पुण्याला पाणी देणारी चारही धरणं मिळून २९ टीएमसी भरतात.

या ११७ पैकी सुमारे ६३ टीएमसी मृत साठा आहे, म्हणजे कालव्याच्या तोंडाखालचं पाणी. उपयुक्त साठा सुमारे ५३. वर्तमानपत्रात जी टक्केवारी येते ती फक्त उपयुक्त साठ्याची. म्हणून उजनी "उणे" होतं. जून २०२४ मध्ये ते उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेलं होतं आणि ऑगस्टमध्ये शंभर टक्के झालं! (ज्याने ही व्हेरिएबल अनसाइन्ड ठेवली असती त्याची नोकरी गेली असती.)

तुमच्यापैकी अनेकांनी उजनी पाहिलेलं आहे, फक्त त्या नावाने नाही. भिगवणला फ्लेमिंगो बघायला जाता, होडीत बसता, मासे खाऊन परत येता, ते उजनीचंच बॅकवॉटर. त्याच पाण्यात पळसदेवचं जुनं मंदिर बुडालेलं आहे. पाणी खूप खाली गेलं की ते वर येतं आणि आपण फोटो काढायला धावतो. मंदिराचा फोटो चांगला आला की समजावं, खाली मोहोळ-सोलापूरकडे टँकर सुरू झालेत.

मग पूर का अडत नाही?

पूर अडवायचा तर धरणात जागा रिकामी लागते. इथेच सगळी गोम आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर बफर भरलेला असेल तर तो बफर नसतो, नुसता पाइप असतो. वरून येईल तेवढं खाली सोडायचं, बस्स.

अमेरिकेत १९३३ साली टेनेसी खोऱ्यासाठी प्राधिकरण झालं. त्यांनी जलाशयांत पुरासाठी मुद्दाम जागा ठेवली; उन्हाळ्यात होड्यांसाठी तळी भरलेली, आणि पुराच्या मोसमाआधी पातळी उतरवलेली. त्याच नमुन्यावर १९४८ मध्ये आपलं दामोदर खोरे महामंडळ आलं, मैथन आणि पंचेत ही धरणं झाली. तिथेही हवी तेवढी जमीन मिळाली नाही, म्हणून पुरासाठी ठरवलेली सगळी जागा कधी वापरता आली नाही. रिकामी जागा कागदावर आखणं सोपं असतं.

आता उजनीचा विचार करा. भीमा, इंद्रायणी, मुळा-मुठा, घोड, सगळ्यांचं पाणी इथे येतं. खडकवासल्याच्या चौपाटीवर कणीस खाताना समोरच्या दरवाजातून सुटलेलं पाणी दिसतं, तेही इथेच. ऑगस्टमध्ये धरण भरलं की सोलापूर जिल्हा सुटकेचा श्वास टाकतो. त्या वेळी "वीस टक्के रिकामं ठेवा, सप्टेंबरात पूर येऊ शकतो" असं म्हणणाऱ्या अधिकाऱ्याची अवस्था काय होईल? आणि सप्टेंबर कोरडा गेला तर? ज्या जिल्ह्याने टँकर बघितलेत तो भरलेलं पाणी सोडू देत नाही. यात मूर्खपणा नाही, ती दीडशे वर्षांची आठवण आहे.

शिवाय नीरा नदी भीमेला मिळते ती नीरा नरसिंहपूरला, म्हणजे उजनीच्या *खाली*. नीरेचा पूर पंढरपूरला येताना उजनीला विचारत नाही.

आणि सीना? सीना तर उजनीवर येतच नाही. ती अहिल्यानगरकडून येते, करमाळा, माढा करत मोहोळमध्ये शिरते आणि हत्तरसंग कुडलला भीमेला मिळते. माझ्या मित्राच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर एवढंच आहे: नदी वेगळी. तिच्यावरचं सीना-कोळेगाव धरण साधारण पाच टीएमसीचं. आता गणित करा. एक लाख क्युसेक म्हणजे दिवसाला ८.६४ टीएमसी. त्या आठवड्यात सीनेच्या विसर्गाचे आकडे लाखाच्या वर होते. पूर्ण रिकामं असतं तरी कोळेगाव चौदा तासांत भरलं असतं. आष्टीचा तलाव चार तासांत. आणि रिकामं काहीच नव्हतं, कारण आमच्याकडे खरा पाऊस सप्टेंबरातच पडतो आणि तोवर सगळं भरून ठेवायचा प्रयत्न असतो.

सीनेवर आम्ही जे जे बांधलं ते पाणी थांबवायला. कोल्हापूर पद्धतीचे बंधारे थांबवायला, भीमा-सीना जोड बोगदा तर पाणी आणून घालायला. जाणारं पाणी नीट जाऊ द्यायला आम्ही काय केलं? पूररेषा गावातल्या माणसाला माहीत नसते. पात्राच्या कडेपर्यंत ऊस असतो, कारण तिथली माती सर्वांत चांगली. आत्याचंही तसंच.

उपाय काय? सीनेला नवं मोठं धरण हे मला उत्तर वाटत नाही. तेही पहिल्या दुष्काळी वर्षानंतर काठोकाठ भरून ठेवलं जाईल. त्यापेक्षा तीन गोष्टी स्वस्त आहेत. वरच्या धरणातून किती सुटलं आणि ते कोणत्या गावात किती वाजता पोचेल, हे त्या गावाला रात्री दोन वाजताही कळणं. पूररेषा जमिनीवर दगड रोवून दाखवणं. आणि पात्रात जे चढवलंय ते हळूहळू मागे घेणं. पहिली गोष्ट तर आपल्याच धंद्यातली आहे. पिझ्झा कुठल्या चौकात पोचला हे आपण मिनिटामिनिटाला दाखवतो, मग एक लाख क्युसेक कुठे पोचलं हे दाखवायला काय हरकत आहे?

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. ती घरातूनच सुरू करावी लागेल. दिवाळीला गेलो की आत्याशी बोलायचं ठरवलंय, काठाकडची दोन पट्ट्यांची जागा गवताला सोडण्याबद्दल. ती काय म्हणेल याचा अंदाज आहे. तरी बोलणार आहे.