मर रोग आणि तंतूचे टोक : वऱ्हाडी कापसाच्या इतिहासातील एक प्रकरण

वऱ्हाडच्या काळ्या जमिनीत देशी कापसाचे वाढते झाड मान टाकते, पाने पिवळी पडून गळतात, आणि खोड उभे चिरले असता आतील काष्ठात काळपट रेषा आढळतात. या रोगास ‘मर’ म्हणतात. या नावात परिणाम सांगितला आहे, कारण नाही. कारण म्हणजे फ्युझॅरियम ऑक्सिस्पोरम या बुरशीचा कापसावर जगणारा प्रकार होय. अमेरिकेत ॲटकिन्सन यांनी १८९२ साली या रोगाचे वर्णन केले. भारतात ईव्हान्स यांनी १९०८ साली नागपूर येथे त्याची नोंद केली.

ही बुरशी जाड भित्तीच्या बीजाणूंच्या रूपाने मातीत वर्षानुवर्षे टिकून राहते. अमरावती-अकोल्याची विस्तीर्ण शेते निर्जंतुक करणे शक्य नव्हते. म्हणून उपाय बियाण्यातच शोधावा लागला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निवड पद्धतीने सिद्ध झालेला व्हेरम ४३४ हा मर रोगास दाद न देणारा वाण वऱ्हाडात आला. झाडाचा वंश असा पारखला गेला. बुरशीचा वंश पारखण्याची साधने मात्र तेव्हा हाती नव्हती.

ती साधने न्यूरोस्पोरा या दुसऱ्याच बुरशीने पुरविली. तिच्यावरील प्रयोगांतून बीडल व टेटम यांनी १९४१ साली जनुक व विकर यांचा संबंध दाखविला. बुरशीचा तंतू टोकाशीच लांबतो. भित्तीचे द्रव्य वाहणाऱ्या पुटिका तेथे एकवटतात, आणि मागे नवे टोक फुटले म्हणजे शाखा होते. न्यूरोस्पोराच्या कॉट-१ या जनुकात विशिष्ट बदल झालेला वाण २५ अंश सेल्सिअसला नीट पसरतो. ३७ अंशांस मात्र त्याची टोके थबकतात व शाखांची दाटी होते. हे जनुक एका प्रोटीन कायनेजचे आहे, हे १९९२ साली स्पष्ट झाले.

पुढे हाच विचार मर रोगाच्या बुरशीपर्यंत पोहोचला. टोमॅटोवरील प्रकारात कायटिन घडविणाऱ्या एका विकराचे जनुक निकामी केले असता तंतू फुगतात व झाडास रोग होत नाही, असे २००३ साली आढळले. मुळांतून स्रवणाऱ्या पेरॉक्सिडेज विकरांच्या रोखाने तंतूचे टोक वळते, हे २०१५ साली सिद्ध झाले. हे निष्कर्ष कापसावरील प्रकारास तपासणीवाचून लावता येणार नाहीत. तथापि मुळाशी होणारी पहिली गाठ कोठे पाहावी, हे त्यांनी दाखविले.

भारतातील हा प्रकार मुख्यतः देशी कापसावर पडतो. अमेरिकी कापूस त्यापासून बहुधा मुक्त राहतो. वऱ्हाडात अमेरिकी कापसाचा प्रसार झाला तसा हा प्रश्न मागे पडला. तो सुटला असे नव्हे. देशी कापूस पुन्हा मोठ्या क्षेत्रावर पेरला गेल्यास झाड आणि बुरशी या दोहोंचे वंश एकत्रच अभ्यासावे लागतील.