अठ्ठ्याऐंशी टक्क्यांचा वारसा
अपघात-तपासाचा अभ्यासक्रम निवडताना ८८ टक्के हा आकडा तिथे कसा शिकवतात, ते आधी पाहावं. अमेरिकेतल्या विमा कंपनीत काम करणाऱ्या हर्बर्ट हाइनरिखने १९३१च्या पुस्तकात ७५,००० अपघातांच्या नोंदींवरून ८८ टक्के अपघात माणसाच्या असुरक्षित वागण्याने घडतात, असं मांडलं. पण त्या नोंदी विम्याच्या दाव्यांतल्या आणि कारखानदारांनी ठेवलेल्या. मेलेला कामगार कैफियत कुठून देणार? मग कामगार चुकतच नाही का? चुकतो की! पण यंत्रावरची जाळी कोणी काढली, कामाची पाळी किती लांबली, हे विचारल्यावाचून ती चूक उलगडत नाही. भोपाळच्या वायुगळतीनंतर, १९८७ साली, आपल्या कारखाने कायद्यात धोकादायक प्रक्रियांचं स्वतंत्र प्रकरण आलं. त्यातली काही महत्त्वाची कलमं कामगाराला नव्हे, मालक-व्यवस्थापनाला उद्देशून होती.