पनामाचा सात-बारा

आपली सोसायटी रजिस्टर झाली २००० साली. त्याच्या काही महिने आधी, ३१ डिसेंबर १९९९ ला दुपारी बारा वाजता, जगाच्या दुसऱ्या टोकाला अमेरिकेने पनामा कालवा पनामा देशाच्या ताब्यात दिला. म्हणजे कालव्याचं कन्व्हेअन्स आणि आपली सोसायटी जवळजवळ एकाच वयाची! मर्चंट नेव्हीच्या नोकरीत या कालव्यातून मी बऱ्याचदा गेलो, म्हणून स्मरणिकेसाठी हाच विषय निवडला.

१९०३ पर्यंत पनामा हा कोलंबियाचा प्रांत होता. कालव्यासाठी अमेरिकेने केलेला करार कोलंबियाच्या सिनेटने फेटाळला. त्यानंतर ३ नोव्हेंबरला अमेरिकेच्या पाठबळावर पनामा स्वतंत्र झाला आणि १८ नोव्हेंबरला नवा करारही झाला. पनामाच्या वतीने सही केली ती ब्युनो-व्हारिया या फ्रेंच इंजिनिअरने. पनामाहून निघालेली मंडळी वॉशिंग्टनला पोहोचली तोवर कागद पक्का झाला होता. एक कोटी डॉलर रोख, पुढे वर्षाला अडीच लाख डॉलर आणि त्या बदल्यात दहा मैल रुंदीचा पट्टा अमेरिकेकडे. मुदत? कायमची.

या पट्ट्याला ‘कॅनल झोन’ म्हणत. गव्हर्नर, पोलीस, कोर्ट, शाळा, पोस्ट, सगळं अमेरिकेचं. कालवा १५ ऑगस्ट १९१४ ला सुरू झाला. तो खणायला बार्बाडोस, जमैका अशा बेटांवरून हजारो मजूर आणले होते. पगाराच्या याद्या दोन, ‘सोन्याची’ आणि ‘चांदीची’. गोरे अमेरिकन सोन्याच्या यादीत, काळे मजूर चांदीच्या. दुकानं, घरं, पोस्टाच्या खिडक्यासुद्धा वेगळ्या. आपण रौप्यमहोत्सव साजरा करतोय, पण तिथे ‘रौप्य’ म्हणजे दुय्यम. अमेरिकेच्या बांधकामाच्या काळात ५,६०० च्या वर माणसं मेली, त्यात बहुतेक याच यादीतली.

आणखी एक गंमत. झोनमध्ये कुणाच्याच मालकीचं घर नव्हतं. रिटायर झालं की अमेरिकन माणसालाही बिऱ्हाड हलवावं लागे, आपल्याकडच्या रेल्वे क्वार्टर्ससारखंच.

९ जानेवारी १९६४ ला पनामाचे विद्यार्थी आपला झेंडा घेऊन झोनमधल्या बाल्बोआ हायस्कूलवर गेले. झटापटीत झेंडा फाटला आणि दंगल पेटली. पनामाचे वीसहून अधिक लोक आणि चार अमेरिकन सैनिक मारले गेले. पुढे १९७७ मध्ये तोरिहोस आणि कार्टर यांनी नवे करार केले. अमेरिकन सिनेटने ते ६८ विरुद्ध ३२ मतांनी मंजूर केले. हव्या असलेल्या मतांपेक्षा फक्त एक मत जास्त! १ ऑक्टोबर १९७९ ला झोन संपला, पण कालवा मिळायला अजून वीस वर्षं होती.

मला सगळ्यात मोलाची वाटतात ती ही वीस वर्षं. या कालव्यात शिरलं की जहाज चालवण्याचा पूर्ण अधिकार कॅप्टनकडून पायलटकडे जातो. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा पायलट अमेरिकन होता, शेवटच्या फेरीला पनामाचा. “ह्यांना काय जमणार?” असं आमच्या जहाजावरही बोललं जायचं. पण ते लोक शिकले, एकेक जागा घेत गेले. १९९० मध्ये कालव्याचा पहिला पनामियन प्रशासक नेमला गेला. १९९७ मध्ये कालवा चालवणाऱ्या प्राधिकरणाचा कायदाही तयार होता. ताबा मिळाला तेव्हा घरची तयारी पुरी होती. २००६ मध्ये सार्वमत घेऊन त्यांनी मोठ्या जहाजांसाठी नवे लॉक बांधायला घेतले आणि २०१६ मध्ये ते सुरूही केले.

आता आपल्याकडे या. सोसायटीची नोंदणी झाल्यावर चार महिन्यांत बिल्डरने जमीन आपल्या नावावर करून द्यायला हवी होती. पंचवीस वर्षं झाली, सात-बाऱ्यावर अजून त्याचंच नाव आहे. उद्या पुनर्विकास करायचा म्हटलं तर जमिनीवरचा आपला हक्क पहिल्यांदा विचारला जाईल. पनामाच्या कागदावर तर ‘कायमचं’ लिहिलं होतं, तरी त्यांनी तो बदलून घेतला. आपल्या बाजूने तर कायदाच आहे. मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज कमिटीने तयार ठेवलाय. तो अडलाय तो करारनामा आणि इंडेक्स-टू यांच्या प्रतींसाठी. चौदा सभासदांच्या प्रती अजून यायच्या आहेत. कृपया या महिन्यात ऑफिसात आणून द्याव्यात.