भांडण मिटवण्याची पगारी जागा

अमेरिकेतल्या शाळांच्या नोकरभरतीच्या याद्या चाळल्या, तर गणिताचे शिक्षक, बसचालक, ग्रंथपाल यांच्या जागांमध्ये एक वेगळंच पद दिसतं : ‘रिस्टोरेटिव्ह प्रॅक्टिसेस कोऑर्डिनेटर’. मारामारी झाली, कुणी शिक्षकांना उलटून बोललं, कुणी कुणाची नालस्ती केली, की संबंधितांना समोरासमोर बसवायचं, ज्याचं नुकसान झालं त्याला ते भरून मिळेल असं बघायचं आणि मुलाला शाळेबाहेर न काढता प्रकरण मिटवायचं, हे त्याचं काम. ज्यांचे सगळे वर्ग पडद्यावरच भरतात अशा व्हर्च्युअल शाळांनाही असा माणूस लागतो. ‘उद्या पालकांना घेऊन ये’ एवढ्यावर भागवणाऱ्या आपल्या शाळांना ही चैन वाटेल. पण तिकडेही हे पद कुणा शिक्षणतज्ज्ञाच्या डोक्यातून निघालेलं नाही. त्याचं एक मूळ दारूच्या नशेत केलेल्या एका रात्रीच्या नासधुशीत आहे.

कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात एल्मायरा नावाचं छोटं गाव आहे. मे 1974 मध्ये तिथल्या दोन तरुणांनी एका रात्रीत 22 ठिकाणी मोडतोड केली. गाड्यांचे टायर फाडले, खिडक्या फोडल्या, चर्चही सोडलं नाही. दोघांनी गुन्हा कबूल केला. शिक्षेआधी न्यायालयाला द्यायचा अहवाल लिहिण्याचं काम मार्क यान्त्झी या प्रोबेशन अधिकाऱ्याकडे आलं. यान्त्झी मेनोनाइट पंथाचा. या ख्रिस्ती पंथात शस्त्र न उचलणं आणि तंटा सामोपचाराने मिटवणं हा श्रद्धेचाच भाग. डेव्ह वर्थ या सहकाऱ्याशी बोलताना विचार निघाला की या पोरांना ज्यांचं नुकसान केलं त्यांच्या दारात उभं का करू नये? न्यायाधीश गॉर्डन मॅकॉनेल आधी म्हणाले की असं करायला कायद्यात जागा नाही. मग त्यांनीच शिक्षा पुढे ढकलली आणि जाऊन या म्हणून सांगितलं.

पुढे जे झालं त्यात तंत्र असं काहीच नव्हतं. पोरं पुढे, यान्त्झी आणि वर्थ मागे, हातात वही. दार वाजवायचं, तुमची खिडकी फोडली ती आम्हीच असं सांगायचं, खर्च किती आला ते विचारायचं आणि आकडा टिपून पुढच्या घरी जायचं. मधे टेबल नाही, वकील नाही, कुणी शिकवून ठेवलेली वाक्यं नाहीत. नुकसान सुमारे 2,200 डॉलरचं निघालं, त्यातलं निम्मं विम्यातून सुटलं. उरलेले पैसे द्यायला पोरं काही महिन्यांनी पुन्हा त्याच दारांत गेली. मला या हकिकतीत खटकतं, किंवा खरं तर भावतं, ते हे की दोन मोठी माणसं आपले दिवस घालून या पोरांच्या मागे उभी राहिली. पुढे नियमावल्या, प्रशिक्षणं, प्रमाणपत्रं पुष्कळ आली. पण एवढा वेळ हातात असलेला माणूस मिळणं अवघडच होत गेलं.

ऑन्टारिओतली ही पहिली धारा मेनोनाइट पंथीयांच्या ओळखीपाळखीतून अमेरिकेच्या इंडियाना राज्यात गेली. तिथे हॉवर्ड झेर यांनी तिला तात्त्विक बैठक दिली. त्यांचं ‘चेंजिंग लेन्सेस’ हे पुस्तक 1990 चं. कोणता कायदा मोडला यापेक्षा कुणाला दुखावलं आणि आता त्याला काय हवं आहे, हे आधी विचारा, असा त्यांच्या मांडणीचा गाभा. दुसरी धारा न्यूझीलंडची. माओरी मुलांना घरातून उचलून सरकारी देखरेखीत टाकण्यावर टीका वाढली, तेव्हा 1989 च्या कायद्याने अल्पवयीनांची प्रकरणं कुटुंबाच्या बैठकीपुढे आणली. या कुटुंबात आजी, मामा, सगळी भावकी आली. तिसरी धारा कॅनडाच्या उत्तरेकडच्या आदिवासींची. 1992 मध्ये युकॉनमधल्या मेयो गावी न्यायाधीश बॅरी स्टुअर्ट यांनी कोर्टातलं नेहमीचं फर्निचर हलवलं, सुमारे 30 खुर्च्या गोलात मांडल्या आणि स्वतःही त्यातल्याच एका खुर्चीवर बसले. आरोपी, त्याचं कुटुंब, पोलीस, सरकारी वकील सगळे एका पातळीवर आले. निकालपत्रात त्यांनी बसण्याच्या या व्यवस्थेवर सविस्तर लिहिलं आहे. आज शाळांमध्ये मुलं गोल करून बसतात आणि एक वस्तू हातोहात फिरते, ती ज्याच्या हातात असेल त्यानेच बोलायचं. ही रीत याच आदिवासी परंपरेतून आली.

शाळेचं दार उघडलं ते ऑस्ट्रेलियात. वागा वागा गावचे पोलीस सार्जंट टेरी ओकॉनेल यांनी 1991 पासून न्यूझीलंडची बैठक आपल्या ठाण्यात आणली आणि तिला प्रश्नांचा ठरलेला क्रम दिला. काय झालं, तेव्हा तुझ्या मनात काय होतं, कुणाला त्रास झाला, आता काय केलं तर बरं होईल. ‘का केलंस?’ मात्र विचारायचं नाही, कारण त्यावर मुलं खांदे उडवतात. शिक्षकांना हे वेगळं सांगायला नको. 1994 मध्ये क्वीन्सलंडमधल्या मरूचिडोर हायस्कूलमध्ये शाळेच्या नृत्यसमारंभानंतर गंभीर मारहाण झाली, तेव्हा समुपदेशक मार्गारेट थॉर्सबॉर्न यांनी हीच बैठक शाळेत घेतली.

त्याच 1994 मध्ये अमेरिका नेमकी उलट्या दिशेला निघाली होती. शाळेत बंदूक आणणाऱ्याला किमान वर्षभर काढून टाका, असा केंद्राचा कायदा झाला. शाळांनी त्याचा कडकपणा बंदुकीपाशी थांबवला नाही. उद्धटपणा, आज्ञाभंग, वर्गात गोंधळ, सगळ्याला एकच औषध : निलंबन. 2011-12 या वर्षात 30 लाखांहून जास्त मुलं निलंबित झाली, आणि काळ्या मुलांचं प्रमाण गोऱ्यांच्या तिप्पट होतं. पगारी जागा जन्मली ती या आकड्यांमुळे. मारामारी करणाऱ्यांची मनं जुळावीत ही इच्छा होतीच, पण शालेय जिल्ह्यांना आधी निलंबनं खाली आणायची होती.

कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचं उदाहरण यात सगळ्यात बोलकं. 2005 च्या सुमारास तिथल्या कोल मिडल स्कूलमध्ये या पद्धतीचा प्रयोग सुरू झाला, निलंबनं 87 टक्क्यांनी घटली. 2012 मध्ये निलंबनं कमी करण्यासाठी केंद्राच्या नागरी हक्क कार्यालयाशी करार झाला. 2015 मध्ये शिक्षण मंडळाने या कामासाठी 23 लाख डॉलर ठेवले. आणि 2019 मध्ये शिक्षकांचा संप मिटल्याबरोबर जी अंदाजपत्रकी कात्री चालली, तिच्यात हाच कार्यक्रम सापडला. वर्गशिक्षकाची जागा सहसा शेवटी जाते, ही आधी. कारण ती बहुतेकदा अनुदानावर उभी असते.

काम होतं का, याचं उत्तर सरळ नाही. रँड संस्थेने पिट्सबर्गच्या 44 शाळांमध्ये दोन वर्षं पाहणी केली. निलंबनाचे दिवस घटले, शाळेचं वातावरण सुधारल्याचं शिक्षक म्हणाले, पण सहावी ते आठवीच्या मुलांचे गुण घसरले. समर्थक या शेवटच्या निष्कर्षावरून घाईने पुढे जातात, विरोधक तेवढाच धरून बसतात. वेळ पुरत नाही, ही शिक्षकांची तक्रार मात्र कुणीच धड ऐकत नाही.

2020 मध्ये कोविडमुळे शाळा पडद्यावर गेल्या आणि शिस्तीचे नियमही तिथे पोचले. लुईझियानात 9 वर्षांचा एक मुलगा आपल्या खोलीत बसून परीक्षा देत होता. धाकटा भाऊ जमिनीवरच्या छऱ्यांच्या बंदुकीला अडखळला, म्हणून याने ती उचलून बाजूला ठेवली. ते कॅमेऱ्यात दिसलं. घरातल्या त्या वस्तूवर शाळेतल्या शस्त्रबंदीचं कलम लागलं आणि मुलगा निलंबित झाला. शेवटी राज्याला कायदा करावा लागला, की शाळांनी ऑनलाइन वर्गांसाठी शिस्तीचे वेगळे नियम लिहावेत. या प्रसंगात त्या मुलाला शाळेबाहेर काढणं म्हणजे तरी काय? तो घरीच होता. व्हर्च्युअल शाळेत निलंबनाला हाच अर्थ उरतो की लॉगिन बंद. अशा शाळेला समेट घडवणारा माणूस हवासा वाटणं साहजिक आहे. पण पडद्यावर गोल नसतो, चौकोन असतात, आणि प्रत्येकाच्या पडद्यावर त्यांचा क्रम वेगळा. म्हणून मग नावं गोलात लिहिलेलं चित्र सगळ्यांना दाखवून त्या क्रमाने बोलायला लावतात. कॅमेरा बंद करून बसलेल्या मुलाचं काय करायचं, यावर मात्र तोडगा नाही.

कोविडकाळात केंद्राने शाळांना दिलेल्या मदतीतून कित्येक जिल्ह्यांनी असे कर्मचारी नेमले. त्या पैशाची मुदत सप्टेंबर 2024 मध्ये संपली. एप्रिल 2025 मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी शाळेच्या शिस्तीबाबतचं आधीचं धोरण उलटवणारा आदेश काढला. दुसरीकडे कॅलिफोर्नियाने जुलै 2024 पासून बारावीपर्यंत कुणालाही निव्वळ उद्धटपणासाठी निलंबित करायला मनाई केली आहे. तिथल्या मुख्याध्यापकाला उर्मट मुलाला घरी पाठवून मोकळं होता येत नाही, कुणाशी तरी बोलायला पाठवायची वेळ येते. त्याच्याशी बोलायला वर्गशिक्षक, समुपदेशक की वेगळा नेमलेला माणूस, आणि त्या माणसाचा पगार कुठल्या खात्यातून, हे प्रत्येक जिल्हा दरवर्षी अंदाजपत्रक मांडताना नव्याने ठरवतो.