किलोमीटर कुठून मोजायचा?

२०२२ साली नाशिक जिल्हा परिषदेच्या दारात शेळ्या आल्या. त्यांच्यासोबत पाठीला दप्तरं लावलेली, इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीची मुलं होती. भाम धरणाने विस्थापित झालेल्या या वस्तीतली शाळा बंद करून मुलांना दूरच्या शाळेत जायला सांगण्यात आलं होतं. मुलांची घोषणा होती, ‘दप्तर घ्या, बकऱ्या द्या.’ शाळाच नसेल तर दप्तर काय कामाचं? मग वळायला जनावरं तरी द्या. प्राथमिक शाळेतल्या पोरांनी पुढच्या आयुष्याचा सगळा हिशोब चार शब्दांत मांडला होता.

शाळा घरापासून किती लांब असावी, याला आज आपल्याकडे कायदेशीर उत्तर आहे. पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर, सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर. शिक्षणहक्क कायद्याची चर्चा निघाली की हे आकडे आपोआप तोंडी येतात. पण हा किलोमीटर आला कुठून? त्याला दीडशे वर्षांची वंशावळ आहे. तो कुणी, कशासाठी जन्माला घातला हे पाहिलं, की अलीकडे नाशिकमध्ये आणि महाराष्ट्रात त्याचं काय झालं ते नीट उमगतं.

जुन्या काळी अंतर कोसात मोजत, आणि जवळचं असेल तर ‘हाकेच्या अंतरावर’ म्हणत. पंतोजींची शाळा कुणाच्या ओसरीवर, देवळाच्या पडवीत भरे. ती हाकेच्या अंतरावर असली तरी हाक सगळ्यांसाठी नव्हती. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेने एका महार मुलाला प्रवेश नाकारला. त्याने मुंबई सरकारकडे दाद मागितली, पण सरकारने शाळेवर सक्ती केली नाही. त्या मुलाच्या लेखी शाळा गावातच होती आणि तरीही पोहोचता येणार नाही इतकी लांब होती. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी हीच तक्रार वेगळ्या बाजूने मांडली. रयतेच्या करातून आलेला पैसा वरच्या वर्गांच्या उच्चशिक्षणावर खर्च होतो आणि रयतेची मुलं प्राथमिक शिक्षणाविना राहतात, म्हणून बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, असं त्यांचं म्हणणं होतं.

सक्ती हा शब्द आला आणि त्याच्या मागून अंतर आलं. मूल शाळेत पाठवलं नाही म्हणून आईबापाला दंड करायचा, तर आधी शाळा त्याच्या आवाक्यात हवी. इंग्लंडच्या १८७० च्या शिक्षण कायद्याने ही अडचण ओळखली होती. तीन मैलांपर्यंतच्या ठरवून दिलेल्या अंतरात शाळा नसेल, तर मूल न पाठवण्याला ती ‘वाजवी सबब’ धरली जाई. हे अंतर मोजायचं कसं, तेही त्या कायद्यात लिहिलेलं होतं: मुलाच्या राहत्या घरापासून, जवळच्या रस्त्याने. म्हणजे अंतराची अट जन्माला आली ती पालकाची ढाल म्हणून. मोजपट्टीचं पहिलं टोक मुलाच्या उंबऱ्यावर होतं. हा बारकावा इथे ध्यानात ठेवायला हवा, कारण पुढे सगळी गडबड मोजपट्टीचं टोक हलवल्याने झाली.

गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं, ते इंग्लंड आणि आयर्लंडच्या याच कायद्यांच्या धर्तीवर. पुढच्या वर्षी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. संस्थानांनी मात्र वाट पाहिली नाही. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेलीत प्रयोग केला आणि १९०६ मध्ये सक्ती साऱ्या बडोदा संस्थानाला लागू केली. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापुरात मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हुकूम काढला. ब्रिटिश मुलखात १९१८ च्या विठ्ठलभाई पटेलांच्या कायद्याने नगरपालिकांना सक्ती करण्याची मुभा मिळाली. खेडी तेव्हाही बाहेरच राहिली.

खेड्यातल्या मुलांसाठी नाशिकमध्ये दुसरीच वाट निघाली. शाळा मुलाकडे येत नसेल, तर मुलाला शाळेकडे आणायचं. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या मराठा विद्या प्रसारक समाजाच्या कामात वसतिगृहाला मोठं स्थान होतं. १९२० च्या एप्रिलमध्ये शाहू महाराज नाशिकला आले, ते उदोजी मराठा बोर्डिंगसाठी. निफाडचा, सटाण्याचा शेतकरी आपला मुलगा बोर्डिंगात आणून सोडे, आणि घर व शाळा यांतलं अंतर त्या मुलापुरतं मिटे. शाळा नेणं आणि मूल आणणं, या दोन वाटा तेव्हापासून शेजारी शेजारी चालत आल्या आहेत. पहिल्या वाटेवर गावातलं प्रत्येक मूल चालू शकतं. दुसरीवर निवडलेली मुलं चालतात.

पहिली वाट देशाच्या धोरणात आणण्यात एका मराठी माणसाचा मोठा हात आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक हे १९६४-६६ च्या कोठारी शिक्षण आयोगाचे सदस्य-सचिव होते. कनिष्ठ प्राथमिक शाळा प्रत्येक मुलाच्या घरापासून साधारण एका मैलात हवी, असं त्या आयोगाने म्हटलं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आयोगाने परिसर शाळेची कल्पना मांडली: एका भागातली सगळी मुलं, जात, धर्म, श्रीमंती-गरिबी न पाहता, एकाच शाळेत जातील. त्यासाठी वीस वर्षांची मुदत धरली होती. ती उलटली, परिसर शाळा झाली नाही. मैलाचा किलोमीटर मात्र झाला आणि तो सरकारी मापदंडात रुजला. कल्पनेतला साराच गाभा गळून पडला आणि अंतर तेवढं शिल्लक राहिलं, ही या कुळकथेतली सर्वांत दुःखाची जागा आहे.

नेमकं त्याच सुमारास दुसऱ्या वाटेला सरकारी बळ मिळालं. १९८५-८६ मध्ये हरियाणातलं झज्जर आणि आपलं अमरावती इथे देशातली पहिली दोन नवोदय विद्यालयं सुरू झाली. अमेरिकेत ज्यांना ‘मॅग्नेट’, म्हणजे लोहचुंबक शाळा म्हणतात, त्यांच्या सर्वांत जवळ जाणारी आपल्याकडची शाळा हीच. नाशिक जिल्ह्याचं नवोदय दिंडोरी तालुक्यात खेडगावला आहे. सहावीला ८० जागा, त्यातल्या किमान ७५ टक्के ग्रामीण मुलांना. परीक्षेला बसायचं तर मूल याच जिल्ह्यात शिकत असलं पाहिजे. नाशिकमध्ये १५ तालुके आहेत आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ६१ लाखांवर. सरासरी काढली तर एका तालुक्याच्या वाट्याला पाच-सहा जागा येतात. पंचाहत्तर टक्क्यांची अट नसती तर या जागा शहरातल्या शिकवण्यांनी गिळल्या असत्या, हे उघड आहे. ती अट घालणाऱ्यांनी न्यायाचा विचार केला होता. पण सुरगाण्याच्या पाड्यावर चौथीपर्यंत एकाच शिक्षकाच्या हाताखाली शिकलेलं मूल आणि निफाडच्या बाजारपेठेच्या गावातलं मूल, दोघंही कागदावर ग्रामीणच.

अमेरिकेचा उल्लेख आला आहे तर तिथली एक तारीख इथे नोंदवायला हवी. १९६८ मध्ये टाकोमा शहरात पहिली लोहचुंबक शाळा निघाली. हेतू होता, चांगल्या शिक्षणाच्या ओढीने गोरी आणि काळी मुलं आपापल्या वस्त्या ओलांडून एकत्र यावीत. सहाच वर्षांनी, १९७४ मध्ये, डेट्रॉइटच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवलं, की शहरातलं वर्णविभाजन दूर करण्याच्या योजनेत उपनगरांच्या शालेय जिल्ह्यांना ओढता येणार नाही. शालेय जिल्ह्याची रेघ भिंत झाली.

आपल्याकडे भिंत पाडायचा प्रयत्न २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने केला. १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. परिसरात शाळा देण्याची जबाबदारी सरकारवर आली आणि नियमांनी तो परिसर एक आणि तीन किलोमीटरमध्ये बांधला. शिवाय खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशवर्गातल्या २५ टक्के जागा परिसरातल्या वंचित आणि दुर्बल घटकांच्या मुलांना द्यायच्या, हे कलम १२ मध्ये आलं. नाईकांच्या परिसर शाळेचा एक चतुर्थांश तरी जिवंत झाला, असं तेव्हा वाटलं. २०१२ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरवलं. विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळा तेवढ्या वगळल्या.

महाराष्ट्रात हे प्रवेश ऑनलाइन लॉटरीने होऊ लागले आणि किलोमीटर नकाशावर उतरला. पालकांनी अर्जात गुगलच्या नकाशावर आपल्या घरावर फुगा टेकवायचा. एक किलोमीटरच्या आतल्या मुलांना आधी संधी, मग तीनच्या आतल्यांना, त्यानंतर उरलेल्यांना. नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम करणारं कुटुंब भाड्याच्या खोलीत राहत असेल, तर त्याला नोंदणी केलेला भाडेकरार जोडावा लागतो. घरमालक तो करून द्यायला तयार नसेल, तर मूल नकाशावर उमटतच नाही. आणि गंगापूर रोड, कॉलेज रोडसारख्या भागातल्या नावाजलेल्या शाळांभोवती किलोमीटरभर वर्तुळ काढा. त्यात कामगारांच्या किती खोल्या सापडतील? घराची किंमतच शाळेचा दरवाजा ठरवते. कायदा करणाऱ्यांचा हेतू तसा नव्हता, पण सगळ्याच शहरांत अंतराच्या नियमाची ही सावली पडते आणि ती कमी करायची तर परिसराची हद्द शाळेनुसार, वस्ती पाहून आखावी लागेल.

एवढं असूनही लोकांनी या कलमावर जीव लावला. २०२३-२४ मध्ये राज्यात एक लाखाच्या आसपास जागांसाठी साडेतीन लाखांहून जास्त अर्ज आले होते.

मग ९ फेब्रुवारी २०२४ आली. राज्य सरकारने नियम बदलला: ज्या खासगी विनाअनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला २५ टक्क्यांची अट लागू नाही. कर्नाटकने २०१८ मध्ये जवळपास हेच केलं होतं. मोजपट्टीचं टोक मुलाच्या उंबऱ्यावरून उचलून शाळेच्या फाटकाशी नेलं गेलं. मुलाला शाळा जवळ मिळावी म्हणून जन्मलेला किलोमीटर आता त्याला शाळेपासून लांब ठेवण्यासाठी वापरला जाणार होता. नाशिकसारख्या शहरात महापालिकेची किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरवर नाही, अशी जागा शोधावी लागते. म्हणजे शहरातल्या बहुतेक खासगी शाळा एका फटक्यात सुटल्या.

पालकांनी काय केलं ते आकड्यांत दिसतं. नव्या नियमाने सरकारी आणि अनुदानित शाळाही यादीत आल्या. शाळा सुमारे ७६ हजार, जागा ८ लाख ८६ हजारांच्या घरात, आणि अर्ज ७० हजारांच्या आत. जी शाळा तशीही मोफत आहे तिच्यासाठी लॉटरीत कोण उतरेल? ६ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. जुन्या पद्धतीने पुन्हा अर्ज मागवले, तेव्हा एक लाखावर जागांसाठी ते दोन लाखांच्या पुढे गेले. १९ जुलै २०२४ ला उच्च न्यायालयाने दुरुस्ती रद्द केली आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. मधल्या काळात शाळा सुरू होऊन आठवडे उलटले होते आणि हजारो मुलं पहिलीच्या वर्गाबाहेर ताटकळत होती.

सरकारी शाळा चांगल्या कराव्यात, मग खासगी जागांची गरजच काय, हा प्रश्न या वादात पुष्कळांनी विचारला आणि तो रास्त आहे. सरकारी शाळाही मुलांना ओढून घेऊ शकते, याचा पुरावा नाशिक जिल्ह्यातच आहे. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या हिवाळी पाड्यावर केशव गावित या शिक्षकांनी जिल्हा परिषदेची शाळा वर्षाचे ३६५ दिवस चालवून दाखवली. तिथली मुलं दोन्ही हातांनी लिहितात, आणि ती पाहायला दूरदूरचे शिक्षक डोंगर चढून जातात. पण अशी शाळा उभी राहायला आधी पाड्यावर शाळा असावी लागते. २१ सप्टेंबर २०२३ च्या पत्राने राज्याने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागवले. तोरणमाळ आणि पानशेतच्या समूह शाळांचे नमुने पुढे ठेवले. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा राज्यात १४,७८३ होत्या आणि त्यांत एक लाख ८५ हजारांच्या आसपास मुलं शिकत होती. समूह शाळेत प्रयोगशाळा असेल, खेळाचं मैदान असेल, विषयागणिक शिक्षक असतील. हे सगळं मुलांना मिळायलाच हवं. तिथवर जायला गाडी रोज, पावसाळ्यातही येणार का, हा प्रश्न त्या पत्राइतकाच जड आहे. दरेवाडीच्या मुलांनी तो वर्षभर आधीच विचारून ठेवला होता.

शिक्षणहक्क कायद्यासाठी केंद्र सरकारने केलेल्या नमुना नियमांत एक फारसं न वाचलं जाणारं पोटकलम आहे. अवघड डोंगराळ भाग, दरडी, पूर, रस्त्यांचा अभाव किंवा वाटेत धोका असेल तिथे शाळेची जागा ठरवताना परिसराची हद्द कमी करावी, असं त्यात सांगितलं आहे. एक किलोमीटर हा वरचा आकडा आहे, डोंगरात तो अर्धाही करता येतो. लहान वस्त्यांसाठी मोफत वाहन किंवा निवासाची सोय करण्याचीही त्यात तरतूद आहे.

२०२२ च्याच पावसाळ्यात नाशिकच्या पेठ तालुक्यातली दृश्यं देशभर दाखवली गेली. नदीला पाणी होतं आणि पूल नव्हता. आईबाप मुलांना खांद्यावर बसवून, मोठ्या पातेल्यांत ठेवून पलीकडच्या शाळेसाठी पाणी ओलांडत होते. नकाशावर पाहिलं तर शाळा फार लांब नव्हती. १८७० च्या त्या कायद्याने अंतर घरापासून, जवळच्या रस्त्याने मोजायला सांगितलं होतं. पेठच्या मुलांचा जवळचा रस्ता त्या दिवसांत छातीभर पाण्यातून, बापाच्या खांद्यावरून जात होता.